फूड प्रोसेसर घेताय? आधी आपले ताट पाहा

भाद्रपदात महालक्ष्म्या घरी येतात, तेव्हा अकोल्यातील स्वयंपाकघरांची खरी परीक्षा असते. पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, कोशिंबिरी, सोळा भाज्या आणि पंगतीला बसणारे पाहुणे. जठारपेठेतील सदनिका असो की जुन्या शहरातील वाडा, पहाटेपासून विळी आणि परात थांबत नाहीत. याच दिवसांत अनेक घरांत माळ्यावरचे एक खोके खाली उतरते. लग्नात आहेर म्हणून आलेला किंवा दिवाळीच्या सवलतीत हौसेने घेतलेला फूड प्रोसेसर त्यात असतो. खोके उघडल्यावर झाकणाची खाच जुळत नाही, किसणीची चकती कोणत्या दांड्यावर बसते ते आठवत नाही आणि अखेर काम हातानेच उरकावे लागते. सण संपला की खोके पुन्हा माळ्यावर जाते.

साधारणतः पाच ते बारा हजार रुपयांची वस्तू अशी पडून राहते, त्यात यंत्राचा दोष कमी आणि निवडीचा अधिक असतो. दुकानात वॅट आणि भांड्यांची संख्या पाहिली जाते. घरात रोज काय शिजते, किती जणांसाठी शिजते आणि यंत्र धुणार कोण, हे प्रश्न मात्र विचारले जात नाहीत. यंत्र कामाच्या आवाक्याप्रमाणे असावे, ही गोष्ट खरे तर अकोल्याला नवी नाही. येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली 'पीकेव्ही मिनी दालमिल' गावपातळीवरील उत्पादनाचा आवाका ओळखूनच घडवलेली आहे. हीच दृष्टी स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत आणली, तर बरेच पैसे आणि श्रम वाचतील.

दोन यंत्रे, दोन कुळे

फूड प्रोसेसर म्हणजे मोठा मिक्सर, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात दोघांची कुळे वेगळी आहेत. भारतीय मिक्सर जन्माला आला तो वाटणाच्या गरजेतून. सीमेन्स कंपनीत अभियंता असलेले सत्यप्रकाश माथूर यांच्या घरचे जर्मन बनावटीचे ब्लेंडर बंद पडले. भारतीय वाटणघाटण पेलेल असे यंत्र आपणच का बनवू नये, या विचारातून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी माधुरी माथूर यांनी प्रयत्न सुरू केले. त्यासाठी १९६३ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि 'सुमीत' हे नाव घरोघरी पोहोचले. पुढे कित्येक वर्षे अनेक घरांत 'सुमीत' म्हणजेच मिक्सर, असे समीकरण होते. पाटा-वरवंट्याला टाकी लावून घेण्याचे काम त्यानंतर हळूहळू कमी होत गेले.

फूड प्रोसेसर आला तो फ्रान्समधून. पिअर व्हर्डन यांनी उपाहारगृहांसाठी बनवलेल्या यंत्रातून त्याचे घरगुती रूप घडले. अमेरिकेत कार्ल सॉन्थायमर यांनी १९७३ मध्ये ते 'क्विझिनार्ट' या नावाने लोकांपुढे आणले. भाज्या चिरणे, काप करणे, किसणे, पिठाचा गोळा मळणे ही त्याची कामे. भिजवलेली डाळ किंवा खोबऱ्याचे वाटण त्या स्वयंपाकात नव्हतेच. म्हणून भारतात हे यंत्र विकताना उत्पादकांनी त्याला मिक्सरची भांडीही जोडली आणि दोन्ही कुळे एकाच मोटारीवर नांदू लागली.

रचनेतील फरक ध्यानात घेतला, तर पुढचे सारे सोपे होते. मिक्सरचे भांडे अरुंद असते, पाती आखूड आणि तळाशी असतात व वेग प्रचंड असतो. पदार्थ पात्यांपाशी पुन्हा पुन्हा यावा म्हणून ओल्या वाटणात थोडे पाणी लागतेच. प्रोसेसरचे भांडे रुंद, पाते लांब आणि वेग तुलनेने कमी असतो. तेथे पदार्थ पाण्याविनाही चिरला जातो. थोडक्यात, मिक्सर वाटतो. प्रोसेसर चिरतो आणि मळतो.

वऱ्हाडी ताटाची कसोटी

कढीगोळ्यांचे उदाहरण घ्या. गोळ्यांसाठी भिजवलेली डाळ भरड आणि शक्यतो पाण्याविना वाटावी लागते. मिक्सरमध्ये ती तळाला चिकटते, मग चमचा-दोन चमचे पाणी घातले जाते आणि उकळत्या कढीत गोळा फुटतो. डाळ चाळणीवर पूर्ण निथळून प्रोसेसरच्या मोठ्या पात्याखाली थांबत थांबत फिरवली, तर हवी तशी भरड मिळते. डाळवड्यांनाही हाच न्याय लागू पडतो.

ठेच्याचे मर्म त्याच्या नावातच आहे. भाजलेली मिरची आणि लसूण ठेचले जावेत, त्यांची चटणी होऊ नये. यंत्र वापरायचेच तर कळ क्षणभर दाबून सोडावी. तीन-चार झटके पुरेत. तरीही खलबत्त्याची चव हवी असेल, तर खलबत्ताच काढावा. तो माळ्यावर टाकण्याचे कारण नाही.

शेंगदाण्याचा कूट आणि जवसाची चटणी ही मिक्सरच्या लहान भांड्याची कामे. दोन्ही तेलबिया आहेत. सलग फिरवल्यास त्या तापतात, तेल सुटते आणि कुटाचा लगदा होतो. भाजलेले दाणे पूर्ण गार होऊ द्यावेत आणि झटके देत फिरवावे. हळकुंडे आणि वर्षभराचे तिखट घरगुती यंत्राच्या माथी मारू नये. त्यासाठी कांडप यंत्रच योग्य.

पोळ्यांची कणीक हे प्रोसेसरचे सर्वांत उपयोगी काम. आधी कणीक आणि मीठ घालावे, यंत्र मंद गतीवर सुरू करावे आणि वरच्या नळीतून पाणी बारीक धारेने सोडावे. अर्धा किलो कणकेला साधारणतः तीनशे मिलिलिटर पाणी लागते. गव्हाच्या जातीप्रमाणे ते कमी-अधिक होते. पीठ गोळा होऊन भांड्याच्या कडा सोडू लागले की यंत्र थांबवावे. तेलाचा हात लावून ती वीसेक मिनिटे झाकून ठेवली, की पोळी मऊ होते. पानगे आणि रोडग्यांचे पीठ मात्र जाडसर आणि घट्ट असते. ते मोटारीवर फार ताण आणते. एकदम न घालता निम्मे-निम्मे मळावे, अन्यथा परातच बरी.

ज्वारीच्या भाकरीपुढे प्रोसेसरही हात टेकतो. गव्हातील चिकटपणा देणारे ग्लुटेन ज्वारीत नसते. तिचे पीठ गरम पाण्याने, तळहाताने, दर भाकरीला ताजे मळावे लागते. रोज भाकरीच खाणाऱ्या घराने कणीक मळण्याच्या सोयीसाठी अधिक पैसे मोजण्यात अर्थ नाही.

कोणाला काय हवे?

दोघा-तिघांचे कुटुंब असेल, तर पाचशे ते साडेसातशे वॅटचा चांगला मिक्सर आणि दोरी ओढून चालणारा लहान चॉपर पुरेसा ठरतो. चार-पाच जणांच्या घरात रोज पोळ्या आणि दोन वेळा भाज्या होत असतील, तर मिक्सरलाच प्रोसेसरचे एक भांडे जोडून मिळणारा प्रकार सोयीचा. तो ओट्यावर जागाही कमी घेतो. एकत्र कुटुंब, घरातून डबे पुरवणारे किंवा वारंवार पंगती उठणारे घर असेल, तरच मोठ्या भांड्याचा पूर्ण प्रोसेसर घ्यावा. संधिवात किंवा मनगटाच्या दुखण्यामुळे मळणे-चिरणे अवघड झालेल्यांना मात्र कुटुंब लहान असूनही त्याचा खरा आधार वाटतो.

खरेदीपूर्वी आठवडाभर एक साधी यादी करावी : किती वेळा वाटले, किती वेळा चिरले, किती वेळा मळले. ज्या कामाच्या खुणा सर्वाधिक, त्या कामासाठी यंत्र घ्यावे. पंधरा जोडण्यांपैकी तीनच वापरात येणार असतील, तर उरलेल्या बारांचे पैसे कशाला द्यायचे?

वॅटचा हिशेब

हजार वॅटचे यंत्र पाचशे वॅटच्या दुप्पट चांगले, असे नसते. वॅटचा आकडा यंत्र किती वीज ओढते ते सांगतो. त्यातील किती शक्ती पात्यापर्यंत पोहोचते, हे मोटार, दंतचक्रे आणि पात्याच्या घडणीवर अवलंबून असते. विजेच्या देयकाची धास्ती घेण्याचेही कारण नाही. सहाशे वॅटचे यंत्र रोज दहा मिनिटे चालले, तर महिन्याला जेमतेम तीन युनिट वीज लागते.

त्याहून महत्त्वाचा मजकूर यंत्राच्या बुडाशी असतो. घरगुती यंत्रे सलग चालण्यासाठी नसतात. बऱ्याच यंत्रांवर पाच मिनिटे चालू, दोन मिनिटे बंद, एकूण तीस मिनिटे, अशा स्वरूपाची मर्यादा दिलेली असते. अकोल्यात ती काटेकोरपणे पाळणे अधिक गरजेचे. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नेमकी तेव्हाच सांडगे, मुगवड्या आणि वाळवणांची घाई असते. मोटारीला गार ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. घट्ट पदार्थामुळे किंवा विजेचा दाब कमी असल्याने मोटार मंदावली की पंखाही मंदावतो आणि मोटार झपाट्याने तापते. जळका वास येताच यंत्र थांबवावे. ते आपोआप बंद पडल्यास प्लग काढून पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच तळाची लाल कळ दाबावी.

वापरताना घ्यावयाची दक्षता

उकळता पदार्थ बंद भांड्यात कधीही फिरवू नये. वाफेच्या दाबाने झाकण उडते आणि चेहरा, हात भाजतात. प्रोसेसरच्या नळीत भाजी ढकलण्यासाठी सोबत दिलेला दट्ट्याच वापरावा, बोटे किंवा चमचा नव्हे. भांडे आणि झाकण नीट बसल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, ही सुरक्षेची सोय आहे. खाचेत काडी घालून ती चुकवण्याचा प्रयत्न बोटांवर बेतू शकतो. भांड्यात हात घालण्यापूर्वी केवळ बटण बंद न करता प्लग काढावा. पाते साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नये. फेसाखाली न दिसल्याने बऱ्याचदा तेथेच बोट कापते. वापर होताच पाते आणि भांडे धुऊन कोरडे करावे. कणीक वाळली, की तीच स्वच्छता चौपट वेळ खाते.

दुरुस्ती आणि ग्राहकाचा हक्क

खरेदीच्या वेळी दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : या यंत्राचे झाकण, भांडे आणि कपलर अकोल्यात मिळतील का? कपलर म्हणजे मोटार आणि भांडे यांना जोडणारा दातेरी तुकडा. भार वाढला तर मोटारीऐवजी बहुधा तोच झिजतो किंवा तुटतो आणि थोडक्या खर्चात बदलता येतो. मोटारीतील कार्बन ब्रशही झिजणारेच. झाकणाचे तसे नाही. त्याची कड तुटली, तर सुरक्षेच्या खाचेमुळे धडधाकट यंत्रही सुरू होत नाही. सुटे भाग मिळत नसतील, तर स्वस्तातील खरेदी महागात पडते. आयएसआय चिन्ह, पक्के बिल आणि तारीख टाकलेले हमीपत्र, या तीन गोष्टी घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

हमीच्या काळात दाद मिळाली नाही, तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडेही जाता येते. त्यामुळे परगावच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेल्या यंत्राची तक्रारही अकोल्यातच दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते.

शेवटची कसोटी ओट्यावरची. यंत्र कायम मांडून ठेवायला जागा आणि जवळ प्लग असेल, तरच ते रोज वापरले जाते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी ओटा मोजावा आणि घेतल्यावर ते जोडणे, चालवणे व धुणे घरातील सर्वांनीच शिकून घ्यावे. तसे झाले, तर पुढच्या महालक्ष्म्यांना सोळा भाज्या चिरण्यासाठी एकाच व्यक्तीला पहाटे उठावे लागणार नाही.