नॉमिनी कोण आणि वारस कोण?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक जाडजूड फाइल असते. भारतातून येताना ती सामानात न टाकता हातातल्या पिशवीतून आणलेली असते. तिच्यात सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, बँकेच्या मुदत ठेवींच्या पावत्या, विम्याची पॉलिसी आणि वडिलांच्या हस्ताक्षरातला एखादा हिशेबाचा कागद असतो. वर्षानुवर्षे ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून राहते. ती खाली काढायची वेळ येते तेव्हा बहुधा घरात कोणी तरी गेलेले असते. माझी फाइल २०२१ साली खाली आली. त्या फाइलीने मला जे शिकवले ते पेंडल हिल आणि आसपासच्या आपल्या मंडळींच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे वडील २०२१ च्या उन्हाळ्यात डोंबिवलीत वारले. ऑस्ट्रेलियाच्या सरहद्दी तेव्हा बंद होत्या, त्यामुळे मला जाता आले नाही. आई आधीच गेलेली. शेवटची तीन वर्षे वडिलांचे औषधपाणी, डॉक्टर, रात्रीची जागरणे हे सारे धाकट्या बहिणीने कल्याणहून ये-जा करून केले. मी येथून पैसे पाठवत होतो आणि व्हिडिओवर बोलत होतो. वडिलांनी १९९४ साली स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या फ्लॅटसाठी सोसायटीत एकच नॉमिनी लिहून ठेवला होता, तो म्हणजे मी. मृत्युपत्र केलेले नव्हते.

सोसायटीचे पत्र आले. बहिणीने त्याचा फोटो पाठवला आणि फोनवर एवढेच म्हणाली, “दादा, तुझंच नाव आहे.” मी मोठ्या मनाने सांगितले, “काळजी करू नकोस, मी तुला त्यातलं काही तरी देईन.” ती काहीच बोलली नाही. पुढे काही महिने आमचे बोलणे फक्त सणावारापुरते उरले. माझ्या वाक्यात काय चुकले ते मला कळले नाही. ते समजावून सांगितले डोंबिवलीच्या एका वकिलांनी, आणि तेही पंधरा मिनिटांत.

ते म्हणाले, “तुम्ही तिला काही देण्याचा प्रश्नच येत नाही. अर्धा फ्लॅट तिचाच आहे. तुम्ही नॉमिनी आहात, म्हणजे सोसायटीने पत्र कोणाला पाठवायचे एवढे ठरले. मालक कोण हे त्यावरून ठरत नाही.”

वाचकहो, शिकल्यासवरलेल्या आपल्या लोकांतही हा गैरसमज सर्रास आढळतो. न्यायालयांनाही या प्रश्नावर पुन्हा पुन्हा बोलावे लागले आहे.

पहिला मोठा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये ‘सरबती देवी विरुद्ध उषा देवी’ या खटल्यात दिला. एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या मागे आई, पत्नी आणि मुलगा होते आणि विम्याच्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव होते. सारे पैसे पत्नीचे की तिघांचे, असा वाद होता. न्यायालयाने सांगितले की नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात. कंपनीने त्या हातात पैसे दिले की कंपनी मोकळी झाली, पण त्या हाताने ते वारसांपर्यंत पोचवले पाहिजेत. बँकेतील ठेवींबद्दलही २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. खातेदाराच्या पश्चात बँक नॉमिनीला रक्कम देईल, पण त्यामुळे तो रकमेचा मालक होत नाही.

शेअरच्या बाबतीत मात्र मध्ये एक वळण आले, आणि ते आपल्या मुंबईतच. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘कोकाटे’ खटला आला. पतीने आपल्या शेअरवर नॉमिनी म्हणून पुतण्याचे नाव लावले होते. पती गेल्यावर पत्नीने शेअरवर हक्क सांगितला. एका न्यायमूर्तींनी कंपनी कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून ठरवले की शेअर नॉमिनीचेच होतात, म्हणजे पुतण्याचे. बायको बाजूला आणि पुतण्या मालक, हे ऐकून अनेकांनी आपले फॉर्म पुन्हा तपासले.

हा निर्णय टिकला नाही. जे पंचांग आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लटकते त्या ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांचे २०१३ साली निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रावरून आणि गुंतवणुकीवरील नॉमिनींवरून जो दावा उभा राहिला त्यात हाच प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये ‘कोकाटे’ निर्णय चुकीचा ठरवला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. नॉमिनेशन हा वारसा मिळवण्याचा तिसरा मार्ग नाही. मालमत्ता एक तर मृत्युपत्राने जाते, नाही तर वारसा कायद्याने.

आता फ्लॅटकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये, पश्चिम बंगालमधील एका सहकारी सोसायटीच्या खटल्यात (इंद्राणी वाही), सोसायटीने नॉमिनीच्या नावे सभासदत्व केलेच पाहिजे असे सांगितले. ते ऐकून ‘बघा, नॉमिनीच मालक’ असे पुष्कळांनी म्हटले. पण त्याच निर्णयात इतर वारसांचा हक्क खुला ठेवला आहे. महाराष्ट्राने तर २०१९ साली सहकारी संस्था कायद्यात दुरुस्ती करून ही गोष्ट अगदी स्वच्छ लिहून टाकली. नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घ्यायचे, आणि खरे वारस किंवा मृत्युपत्राने हक्क मिळालेली व्यक्ती सभासद होईपर्यंतच ते राहायचे. त्यासाठी मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा वारसांनी आपसांत केलेला लेखी कौटुंबिक करार सोसायटीपुढे ठेवता येतो.

एक अपवाद लक्षात ठेवावा. भारतीय विमा कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. आई-वडील, पती, पत्नी किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल तर विम्याच्या रकमेचा लाभ त्यांचाच, असे कायदा आता म्हणतो. यावरही न्यायालयांत वाद झाले आहेत, तेव्हा विम्याच्या बाबतीत वकिलाला विचारूनच पुढे जावे. बँकांच्या बाबतीत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. ही सोय चांगली आहे, पण नॉमिनी एक असो की चार, मूळ नियम बदललेला नाही.

मग वारस कोण? हिंदू पुरुषाने मृत्युपत्र केले नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे हिस्से मिळतात. मुलगी लग्न होऊन गेली की नाही याचा येथे संबंध नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला, आणि त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. ‘तिचं लग्नात केलं होतं की’ हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येते. कायद्याच्या हिशेबात ते बसत नाही.

येथे आपल्यासारख्या दोन देशांत पाय असलेल्यांची खरी गंमत सुरू होते. जमीनजुमला आणि घर यांना ते ज्या देशात आहेत तिथला कायदा लागतो. समजा, पेंडल हिलच्या एका गृहस्थांचे येथे स्वतःच्या एकट्याच्या नावावर घर आहे आणि ठाण्यात स्वतःच्या पैशाने घेतलेला फ्लॅट आहे. पत्नी, दोन मुले आणि साताऱ्याला आई असा परिवार. मृत्युपत्र न करता ते गेले. न्यू साउथ वेल्सच्या २००६ च्या सक्सेशन अ‍ॅक्टप्रमाणे, सर्व मुले याच पत्नीपासूनची असतील तर येथील घर संपूर्ण पत्नीला मिळते. ठाण्याच्या फ्लॅटचे मात्र चार सारखे हिस्से पडतात: पत्नी, दोन मुले आणि आई. पुढे आई मृत्युपत्र न करता गेली तर तिचा चौथा हिस्सा तिच्या इतर मुलांकडेही जाऊ शकतो. माणूस एक, कुटुंब एक, पण दोन मिळकतींचे दोन मार्ग. भांडण कोणालाच नको असते, तरी ते अशा ठिकाणी जन्माला येते.

हे सारे समजल्यावर मी शहाणा झालो असे मला वाटले. एका रविवारी सहज माझे सुपरचे कागद काढले. मी १९९६ साली एकटा येथे आलो. पहिली नोकरी लागली तेव्हा १९९७ साली सुपरच्या फॉर्मवर लाभार्थी म्हणून आईचे नाव लिहिले होते. पुढे लग्न झाले, मुले झाली, खाते चालूच राहिले. आईला जाऊन कित्येक वर्षे झाली आणि फॉर्मवर अजून तिचेच नाव! वडिलांच्या नॉमिनेशनबद्दल बहिणीशी अबोला धरणाऱ्या माणसाचे स्वतःचे घर असे उघडे होते.

आणि सुपरचे गणित भारताच्या बरोबर उलट आहे. भारतात नॉमिनी हा बहुधा नुसता हात असतो. येथे योग्य रीतीने केलेले बंधनकारक नॉमिनेशन खरोखरच पैसे कोणाला जायचे ते ठरवते. सुपरची रक्कम आपोआप तुमच्या इस्टेटीत येत नाही, म्हणून मृत्युपत्रात काहीही लिहिले तरी ती त्याप्रमाणे जाईलच असे नाही. साधे, बंधनकारक नसलेले नाव म्हणजे फंडाच्या विश्वस्तांना कळवलेली केवळ इच्छा असते. अंतिम निर्णय ते घेतात.

बंधनकारक नॉमिनेशनला अटी आहेत. ते लेखी हवे. नॉमिनी नसलेल्या दोन सज्ञान साक्षीदारांसमोर सही हवी. सर्वसाधारण फंडांत ते तीन वर्षांनी संपते, काही फंड न संपणारी सोय देतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाव कोणाचेही चालत नाही. पती किंवा पत्नी, मुले, तुमच्यावर आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेली किंवा परस्परावलंबी नात्यातील व्यक्ती, नाही तर मृत्युपत्राचा व्यवस्थापक, एवढेच चालतात. पुण्यात पेन्शनवर राहणारे वडील किंवा नाशिकचा भाऊ तुमच्यावर अवलंबून नसेल तर त्याचे नाव लिहून उपयोग नाही. आईवडिलांना काही द्यायचे असेल तर रक्कम इस्टेटीकडे वळवून मृत्युपत्रात तसे लिहावे लागते.

स्वतःचा सुपर फंड चालवणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने जून २०२२ मध्ये ‘हिल विरुद्ध झूडा’ खटल्यात निर्णय दिला. एका गृहस्थांच्या पश्चात जोडीदार आणि मुलगी यांच्यात वाद होता. तीन वर्षांचा नियम आणि साक्षीदारांच्या अटी अशा स्वतःच्या फंडाला लागू नाहीत, असे कोर्टाने सांगितले. तिथे फंडाच्या कराराचा मजकूरच प्रमाण. म्हणून तो करार एकदा तरी वाचावा. मोठ्या फंडाने रक्कम कोणाला द्यायची हे कळवल्यावर हरकत घ्यायची असेल तर २८ दिवसांची मुदत असते. दुःखात ते दिवस कधी जातात ते कळतही नाही.

काय करावे? मी पेशाने इंजिनिअर आहे, वकील नाही. म्हणून फक्त स्वतः जे केले ते सांगतो. पत्नीसह जेवणाच्या टेबलावर बसून कोठे काय आहे आणि त्यावर कोणाचे नाव आहे याची एका पानाची यादी केली. सुपरचे नॉमिनेशन बदलले आणि ते संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहिली. येथील सॉलिसिटरकडून मृत्युपत्र करून घेतले. भारतातील मिळकतीसाठी वेगळे मृत्युपत्र केले, आणि एकाने दुसरे रद्द होणार नाही अशी भाषा दोन्हींत घालून घेतली. भारतातील मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. ज्यांना भारतातील काम दुसऱ्यावर सोपवायचे आहे त्यांनी कुलमुखत्यारपत्र येथे साक्षांकित करून पाठवावे आणि ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे.

आणि डोंबिवलीचा फ्लॅट? सरहद्दी उघडल्यावर मी गेलो. बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून मी तिला सांगितले की त्या दिवशी फोनवर मी बोललो ते चुकले. जे तिचेच होते ते मी तिला दान करायला निघालो होतो. ती म्हणाली, “मला फ्लॅट नको होता रे दादा. ‘देईन’ म्हणालास ना, ते लागलं.” मग आम्ही दोघांच्या सह्यांचा कौटुंबिक करार केला आणि सोसायटीकडे दिला. माझ्या अर्ध्या हिश्श्याचे पुढे काय केले ही आमची घरगुती गोष्ट. पण तो माझा होता म्हणून मला ठरवता आला, तिच्या हिश्श्याबद्दल ठरवणारा मी कोणीच नव्हतो.

वडिलांनी १९९४ साली एका फॉर्मवर माझे नाव लिहिले ते मुलीला डावलण्यासाठी नव्हते, अशी माझी खात्री आहे. रकाना एकच होता आणि मुलाचे नाव लिहायची तेव्हाची रीत होती. दोन ओळींचे मृत्युपत्र त्यांनी केले असते तर आमचे ते अबोल्याचे महिने वाचले असते. तेव्हा येत्या रविवारी चहा झाल्यावर आपलीही फाइल खाली काढावी, ही विनंती.