इंदूरचं विद्यापीठ, निमाडची मुलं

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्याहून आधी बऱ्हाणपूर गाठायचं आणि तिथून इंदूरची बस धरायची. आसीरगड मागे पडतो. मग खंडवा, सनावद, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल आणि बडवाह. भेरूघाट चढून सिमरोल ओलांडलं की शहरात शिरताना रस्त्यालगतच देवी अहिल्या विद्यापीठाचा तक्षशिला परिसर लागतो. इंदूरकर या रस्त्याला खंडवा रोड म्हणतात. उलट दिशेने तोच महाराष्ट्राच्या सीमेवरच्या इच्छापूरपर्यंत जातो. बऱ्हाणपूरकडच्या केळीच्या पट्ट्यातल्या कितीतरी मराठी घरांतली पहिली पदवीधर पिढी याच विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडली.

खरं तर विद्यापीठ निघालं ते शहरासाठी. इंदुरात महाविद्यालयं जुनी. कॅनडाच्या मिशनचं ख्रिश्चन कॉलेज 1887 चं. किशोरकुमार पुढे तिथेच शिकला. महाराजा शिवाजीराव होळकरांनी 1891 मध्ये होळकर कॉलेज काढलं. पण परीक्षा घेणारं आणि पदवी देणारं विद्यापीठ नेहमी परगावचं. आधी कलकत्ता, मग अलाहाबाद, 1927 नंतर आग्रा, 1957 नंतर उज्जैनचं विक्रम. संस्थानाची राजधानी, कापडगिरण्यांचं शहर, 1917 आणि 1935 अशी दोनदा मराठी साहित्य संमेलनं भरवलेलं गाव. तरी पदवीवर नाव दुसऱ्याच गावाचं. 1964 मध्ये इंदूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ही उणीव भरून निघाली. त्याचं कार्यक्षेत्र सुरुवातीला इंदूर शहरापुरतंच होतं.

पुढे सरकारी अधिसूचनेने ते वाढलं. धार, झाबुआ, खरगोन, बडवानी, खंडवा आणि बऱ्हाणपूर हा सारा भाग इंदूरला जोडला गेला. त्यातला बराचसा मुलूख आदिवासी. या विद्यापीठाचा स्वभाव घडला तो याच विस्तारात. बऱ्हाणपूर काही होळकरांचं नव्हतं. इंग्रजांच्या काळात ते मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होतं आणि त्याचा कारभार नागपूरहून चाले. इंदूरशी त्याचं आजचं घरचं नातं जुळलं, त्यात एसटीइतकाच विद्यापीठाचाही वाटा आहे. बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला तो तर 2003 मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या पोरांना इंदूरच्या परीक्षांचं वेळापत्रक पाठ होतं.

1988 मध्ये विद्यापीठाला अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. हे नाव शहरापेक्षा मोठं आहे. अहिल्यादेवी जन्मल्या चौंडीला आणि 1767 ते 1795 त्यांनी राज्य केलं ते नर्मदाकाठच्या महेश्वरहून, म्हणजे निमाडातून. इंदुरी विद्यापीठावर निमाडच्या मुलांचा हक्क त्या नावातच आला, असं म्हणायला हवं.

परिसर दोन. रवींद्रनाथ टागोर मार्गावरचा नालंदा परिसर म्हणजे कचेरी: परीक्षा विभाग, अर्ज, शिक्के, रांगा. शिकणं-शिकवणं मुख्यतः तक्षशिलेत. व्यवस्थापनाची संस्था 1969 ची, म्हणजे एमबीए हा शब्द निमाडात कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हाची. 1986 मध्ये संगणकशास्त्राचा विभाग निघाला आणि 1996 मध्ये अभियांत्रिकीची संस्था. बारावीनंतर थेट पाच-साडेपाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम ही इथली खास ओळख. धंदा-नोकरीवर नजर ठेवणारं हे विद्यापीठ आहे, आणि व्यापारी शहराच्या विद्यापीठाने तसं असण्यात काहीच गैर नाही. भाषा आणि समाजशास्त्रांकडे मात्र त्यामानाने कमी लक्ष गेलं, ही खंत रास्त आहे. एवढा मराठी मुलूख ज्याच्या कार्यक्षेत्रात होता, त्या विद्यापीठात मराठीच्या अभ्यासाचं मोठं केंद्र उभं राहायला हवं होतं.

विज्ञानाची बाजू भक्कम आहे. विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरातच विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचं संयुक्त संशोधन केंद्र आहे. तिथे हेलियम द्रवरूप करतात. तो उकळतो उणे 269 अंश सेल्सिअसला. त्या थंडीत काही धातूंचा विजेला असलेला विरोध पार नाहीसा होतो. देशभरातल्या विद्यापीठांचे संशोधक आपापले नमुने घेऊन इथे येतात. इतकी महागडी यंत्रं एकेका विद्यापीठाला परवडणार नाहीत, म्हणून ती सगळ्यांसाठी एके ठिकाणी ठेवली. लहान गावच्या मुलाला तिथवर पोचता यावं, याहून सार्वजनिक विद्यापीठाचा मोठा उपयोग कोणता?

पोचणं सोपं नाही. बऱ्हाणपूर ते इंदूर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. गुणपत्रिकेतली चूक असो की मायग्रेशन सर्टिफिकेट, कामासाठी इंदूरची खेप म्हणजे अख्खा दिवस, कधी मुक्काम. बरेच अर्ज ऑनलाइन झाले तेव्हा हा त्रास कमी झाला. वडील सोबत आल्याशिवाय ज्या मुलींना ही खेप करता येत नसे, त्यांचा तर मोठाच अडसर दूर झाला.

2024 मध्ये खरगोनला आदिवासी क्रांतिकारक टंट्या भील, म्हणजेच टंट्यामामा, यांच्या नावाचं क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झालं आणि बऱ्हाणपूरसह निमाडचे जिल्हे त्याच्याकडे गेले. हे व्हायलाच हवं होतं. आदिवासी मुलखाचं विद्यापीठ त्या मुलखातच शोभतं. इंदूरच्या तक्षशिला परिसराजवळच्या भंवरकुआं चौकालाही 2021 मध्ये टंट्यामामांचंच नाव दिलं गेलं. त्या चौकाभोवती वसतिगृहं, कोचिंग क्लास, मेस आणि रात्री उशिरापर्यंत उघड्या अभ्यासिका आहेत. संलग्नता खरगोनला गेली तरी तक्षशिलेतल्या विभागांना जिल्ह्याची अट नाही. 2022 पासून तिथल्या बऱ्याच अभ्यासक्रमांचे प्रवेश सीयूईटी या देशव्यापी परीक्षेतून होतात. म्हणजे दापोऱ्याच्या विद्यार्थ्याला बीए-बीएस्सी बऱ्हाणपुरात खरगोनच्या नावाने करता येईल आणि एमएस्सी किंवा एमबीएसाठी इंदूर धरता येईल. फक्त आता त्या जागेसाठी त्याची स्पर्धा दिल्ली-पाटण्याच्या मुलांशी आहे, आणि त्या परीक्षेची तयारी बऱ्हाणपुरातच व्हावी याची सोय अजून व्हायची आहे.