रक्त पातळ करणारी गोळी आणि थकलेली किडनी: ट्रायलमध्ये कोण नव्हतं?

आमच्या सातपूरच्या कॉलनीत एक काका आहेत. एमआयडीसीतल्या कंपनीतून निवृत्त झालेले, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मध्यंतरी ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. या आजारात ठोके अनियमित पडतात, हृदयात रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा विषय निघाला. काकांनी मला विचारलं, "तू पीएचडी करतोस ना, मग सांग, घेऊ की नको?"

मी डॉक्टर नाही, निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण हा प्रश्न अवघड का आहे, हे संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं.

गोची कुठे आहे?

ही औषधं रक्त खरं तर पातळ करत नाहीत, गोठण्याची प्रक्रिया मंदावतात. किडनी निकामी असली की चार गोष्टी एकत्र येतात. प्लेटलेट्सची संख्या ठीक असली तरी रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे त्या नीट चिकटत नाहीत. हिमोग्लोबिन कमी असतं. तांबड्या पेशी प्लेटलेट्सना रक्तवाहिनीच्या कडेला ढकलतात, ते कामही ढिलं पडतं. डायलिसिसच्या वेळी बहुधा हेपॅरिन दिलं जातं. आणि औषध शरीरात साठतं: डॅबिगॅट्रान सुमारे 80 टक्के किडनीवाटे बाहेर पडतं, अपिक्साबान साधारण 27 टक्के. परिणामी पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. गंमत म्हणजे याच रुग्णांत गुठळ्या होण्याचा धोकाही जास्त असतो.

एकटं क्रिएटिनिन फसवतं

डोस ठरवताना अनेकदा कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र वापरतात: (140 − वय) × वजन ÷ (72 × क्रिएटिनिन). स्त्रियांसाठी उत्तराला 0.85 ने गुणायचं. समजा 70 वर्षांचे दोन पुरुष आहेत, दोघांचंही क्रिएटिनिन 1.4. वजन 80 किलो असेल तर उत्तर येतं सुमारे 56, आणि 50 किलो असेल तर सुमारे 35. रिपोर्ट सारखाच, पण औषध बाहेर टाकण्याची क्षमता वेगळी. स्वतः गणित करून बघा.

ट्रायलमध्ये कोण नव्हतं?

आता मुख्य मुद्दा. नव्या गोळ्या ज्या मोठ्या ट्रायल्सवर उभ्या आहेत, त्यांत गंभीर किडनी रुग्ण घेतलेच नव्हते. डॅबिगॅट्रानच्या 'री-लाय'मध्ये क्लिअरन्स 30 च्या खाली असलेले वगळले, अपिक्साबानच्या 'अ‍ॅरिस्टॉटल'मध्ये 25 च्या खालचे. म्हणजे ज्यांना प्रश्न सर्वात जास्त भेडसावतो, तेच आकडेवारीत नाहीत.

पुढे खास डायलिसिस रुग्णांवर 'रीनल-एएफ' ट्रायल झाली. ती लवकर थांबवावी लागली, फक्त 154 रुग्ण मिळाले. जर्मनीतल्या 'अ‍ॅक्साडिया'त 97. एवढ्या संख्येवर "फरक दिसला नाही" म्हणजे "फरक नाही" असं होत नाही.

मग रुग्णालयांतल्या नोंदी बघू या, असं तुम्ही म्हणाल. तिथे दुसरी अडचण. ज्यांना डॉक्टरांनी गोळी दिली आणि ज्यांना दिली नाही, ते मुळातच वेगळे रुग्ण असतात. पूर्वी रक्तस्राव झालेल्याला कोण देईल? शिवाय बरेच रुग्ण पक्षाघाताआधीच दुसऱ्या कारणाने दगावतात. ते हिशोबात धरले नाहीत, तर गोळीचा फायदा फुगलेला दिसतो.

म्हणून पेपर हातात आला की सारांशावर थांबू नका, कोणाला वगळलं ते आधी वाचा. संशोधनाचा विषय बऱ्याचदा त्याच यादीत लपलेला असतो.

काकांना मी एवढंच सांगितलं: गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणू नका, त्यानेही पोटात रक्तस्राव होतो. शौच डांबरासारखी काळी झाली तर लगेच दवाखाना गाठा. लोहाच्या गोळीनेही रंग काळा होतो, पण ते घरी बसून ठरवू नका. आणि डॉक्टरांना थेट विचारा, "माझ्यासारख्या रुग्णांवर हे तपासलंय का?" प्रामाणिक उत्तर बहुधा "थोडंसंच" असं येईल. उरलेलं काम आपलं आहे.