रुग्णाच्या पिशवीतील दुसरे औषध

भातलावणीचे दिवस सुरू झाले की खालापूर-कर्जतच्या आमच्या परिसरात दवाखान्याबाहेरची रांग वाढते. ताप, खोकला, अतिसार, सांधेदुखी, पायांच्या चिखल्या अशा नेहमीच्याच तक्रारी असतात. बहुतेक रुग्णांच्या हातात एक पिशवी असते. ती उघडून पाहिली तर तिच्यात ग्रामीण रुग्णालयातून मिळालेल्या गोळ्या असतात, खोपोलीच्या दुकानातून आणलेली काढ्याची बाटली असते, कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेले रक्तदाबाचे औषध असते आणि क्वचित वाडीवरच्या जाणत्याने दिलेली एखादी मुळीही असते.

मिश्र चिकित्सा करावी की करू नये, हा वाद आपल्या व्यवसायात फार जुना आहे. १९४८ च्या चोप्रा समितीने दोन्ही शास्त्रांच्या समन्वयाचा पुरस्कार केला, तर १९६२-६३ च्या व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमाचा. या वादाचा निकाल काहीही लागो, रुग्णाने मिश्र चिकित्सा कधीच सुरू केली आहे. ती तो आपल्याला न सांगता करतो, आणि धोका नेमका या न सांगण्यात आहे. प्रस्तुत लेखात या एकाच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे. त्याची सुरुवात आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीपासून करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी दहावीतील एका मुलीस तिची आई आमच्याकडे घेऊन आली. वाचलेले लक्षात राहत नाही, परीक्षा जवळ आली आहे, एवढीच तक्रार होती. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, आहार-निद्रेची चौकशी केली आणि शंखपुष्पीचे सिरप दिवसातून तीन वेळा घेण्यास दिले. अन्य कोणते औषध चालू आहे काय, हे आम्ही विचारले नाही. मुलीला लहानपणी आकडी येत असे व त्यासाठी ती रोज फेनिटॉइनच्या गोळ्या घेत होती. लग्नाच्या बाजारात बोभाटा नको म्हणून घरच्यांनी ही गोष्ट झाकून ठेवली होती.

दोन वर्षे न आलेली आकडी तीन आठवड्यांत वर्गातच आली. रुग्णालयातील डॉक्टरांनी बाहेरचे काही औषध चालू आहे का, असे विचारले. ओरडा बसेल या भीतीने आईने नाही म्हणून सांगितले. त्यांनी गोळीची मात्रा वाढवली, आणि हाती असलेल्या माहितीवर त्यांचे ते करणे योग्यच होते. पुढे सिरपची बाटली संपली. नंतर काही दिवसांनी आई पुन्हा आमच्यासमोर उभी राहिली. "डॉक्टर, पोर चालताना झोकांड्या खाते, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसतं म्हणते."

त्या दिवशी आम्ही प्रथमच पिशवी टेबलावर रिकामी करावयास सांगितली. गोळ्यांचे पाकीट दिसताच सारा उलगडा झाला. आम्ही त्या डॉक्टरांना सविस्तर पत्र लिहिले व मुलीला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवले. रक्तातील फेनिटॉइनची पातळी वाढलेली निघाली. मात्रा कमी केल्यावर मुलगी सावरली.

शास्त्र काय सांगते

हा प्रकार आमच्याआधी मुंबईत दिसून आला होता. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांनी १९९२ साली यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. फेनिटॉइनने आटोक्यात असलेला अपस्मार शंखपुष्पीचे सिरप सुरू केल्यावर पुन्हा उसळल्याचे त्यांच्या पाहण्यात आले. त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. सिरपच्या अनेक मात्रा दिल्यावर रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटली व त्याचा आकडीरोधक परिणामही उणावला. म्हणजे सिरप चालू असताना गोळी कमी पडते. त्या काळात गोळी वाढवली आणि पुढे सिरप थांबले, तर तीच गोळी जास्त होते. फेनिटॉइनच्या मात्रेत थोडा फरक झाला तरी रक्तातील पातळी एकदम चढते, हे त्या औषधाचे वैशिष्ट्यच आहे.

येथे कोणी म्हणेल की हा आधुनिक औषधाचा दोष आहे. आम्हांस तसे वाटत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात विरुद्धाचे १८ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत संयोगविरुद्ध हा स्वतंत्र प्रकार आहे. मध हितकर, तूपही हितकर. पण समप्रमाणात एकत्र आले की अहितकर, हे आपण विद्यार्थिदशेपासून शिकतो. दोन निर्दोष द्रव्यांचा संयोग सदोष होऊ शकतो, हा विचार आपल्याला परका नाही. चरकाचार्यांच्या काळी फेनिटॉइन नव्हते, एवढाच फरक. संयोगाची यादी वाढवण्याचे काम आजच्या वैद्यांकडे येते.

नित्याच्या व्यवहारातील संयोग

आमच्या भागात वारंवार आढळणारे काही संयोग येथे नोंदवतो.

रक्तदाब : आम्लपित्तासाठी वा घशासाठी आपण यष्टीमधु सहज देतो. त्यातील ग्लिसिरायझिन दीर्घकाळ व अधिक मात्रेत पोटात गेल्यास शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. रुग्ण मूत्रल गोळी घेत असेल तर पोटॅशियम अधिकच खाली जाते, आणि सोबत डिगॉक्सिन असेल तर हृदयास धोका संभवतो. गुग्गुळाचेही असेच. प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे शोषण गुग्गुळाच्या अर्काने घटते, असे १९९४ साली मुंबईतच निरोगी स्वयंसेवकांवर दिसून आले.

मधुमेह : कारल्याचा रस, गुडमार यांचे चूर्ण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर घेतल्यास दोघांचा परिणाम एकवटतो. उपवासाच्या दिवशी किंवा शेतात राबून आल्यावर साखर एकाएकी उतरते. घाम, थरथर, भूक, गोंधळ ही लक्षणे रुग्णास आधीच समजावून सांगावीत.

थायरॉइड व प्रतिजैविके : शंख, कपर्दिक, प्रवाळ या भस्मांत कॅल्शियम आहे, लोह व मंडूर भस्मात लोह आहे. ही द्रव्ये थायरॉक्सिनला तसेच डॉक्सिसायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिनला आतड्यात बांधून ठेवतात, शोषू देत नाहीत. थायरॉक्सिन व अशी भस्मे यांत किमान ४ तासांचे अंतर हवे. सिप्रोफ्लॉक्सासिन भस्मापूर्वी २ तास किंवा त्यानंतर ६ तासांनी घ्यावे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिन घेणारा शेतकरी पोट बिघडले म्हणून शंखवटी मागतो, त्या वेळी हे ध्यानात असावे. इसबगोलही अन्य औषधांपासून दूर ठेवावा.

त्रिकटु : पिप्पली व मरिच यांतील पाइपरिन अनेक औषधांची रक्तातील पातळी वाढवते. हा गुण उपयोगीही आहे; पाइपरिनच्या साहाय्याने रिफाम्पिसिनची मात्रा कमी करणारे क्षयाचे संयुक्त औषध भारतातच तयार झाले. परंतु थिओफायलिन घेणाऱ्या दम्याच्या रुग्णात हीच वाढ अपायकारक ठरू शकते.

समन्वयाचे यश

एवढे वाचून संयोग नेहमी वाईटच, असा समज कोणी करून घेऊ नये. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला व जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. भगंदरावरील क्षारसूत्राची भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी तुलना केली. १९९१ च्या त्या अहवालानुसार क्षारसूत्राने व्रण भरण्यास ८ आठवडे लागले व शस्त्रक्रियेने ४. मात्र रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के व शस्त्रक्रियेत ११ टक्के होते.

सर्वांत बोलके उदाहरण गुळवेलीचे आहे. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरोधजन्य कावीळ असलेल्या ३० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांस नेहमीचे उपचार व शस्त्रक्रिया मिळाली. एका गटास शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेलही दिली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण गुळवेलीविना ४० टक्के, तर गुळवेलीसह ९२.४ टक्के होते. रुग्णसंख्या लहान होती, हे मान्य. परंतु येथे शल्यचिकित्सकास कोणते औषध, किती व कधी दिले हे ठाऊक होते.

याच गुळवेलीची दुसरी बाजूही पाहावी. २०२० च्या साथीत लोकांनी मनानेच काढे सुरू केले. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षास आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या सारख्या दिसणाऱ्या वेलीची गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधले. वाद बाजूस ठेवला तरी वैद्याने व विक्रेत्याने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. वेल ओळखून घ्यावी, मात्रा ठरवून द्यावी, यकृताचा पूर्वविकार विचारावा.

जेथे थांबणे हाच धर्म

काही प्रसंगी संयोगाचा विचारही करू नये. आमच्या भागात शेतावर व वाड्यांवर सर्पदंश होतात. मण्यारीचा दंश दुखत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी व जड पापण्या घेऊन उठतो. येथे प्रतिविषाला पर्याय नाही. विंचूदंशाबाबत तर आपल्याच रायगड जिल्ह्यातील महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपयोग जगापुढे मांडला. पावसाळ्यातील तापात महासुदर्शन काढा द्यावयाचा असेल तर जरूर द्यावा, पण हिवतापासाठी रक्ताचा नमुना त्याच दिवशी घेतला पाहिजे. डोळे पिवळे, पोटऱ्या दुखऱ्या, लघवी कमी, असा रुग्ण समोर आला तर आपले औषध म्हणजे रुग्णवाहिका.

एक कागद

त्या मुलीच्या प्रसंगानंतर आम्ही आमची पद्धत बदलली. प्रत्येक रुग्णास पिशवी घेऊन येण्यास सांगतो. "इंग्रजी औषधे घेता का?" असे विचारले की रुग्ण बिचकतो. त्याऐवजी "घरात कोणकोणती औषधे आहेत? झाडपाल्याचे काही चालू आहे का?" असे विचारतो. मग एकाच कागदावर डाव्या बाजूस इतरांची व उजव्या बाजूस आमची औषधे, मात्रा व वेळेसह, सुवाच्य लिहितो. कागद रुग्णाकडेच राहतो व तो त्याने प्रत्येक डॉक्टरांना दाखवावा असे बजावतो. चालू औषध आमच्या शब्दावर कधीही बंद करावयास सांगत नाही. ज्यांनी सुरू केले त्यांच्याशी बोलतो. "त्या गोळ्या गरम पडतात, फेकून द्या" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी उच्चारले आहे. रुग्ण लपवावयास शिकतो तो अशाच वाक्यांमुळे.

औषधविक्रेत्या बंधूंची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. दोन्ही प्रकारची औषधे बहुधा एकाच गल्ल्यावरून जातात. दोन्ही बाजू दिसतात त्या त्यांनाच. आकडीची गोळी नेणाऱ्या घरी शंखपुष्पी जात असेल तर एक प्रश्न विचारावा. शेड्यूल एच-१ मधील औषधांची नोंदवही २०१४ पासून ठेवावीच लागते. तीच शिस्त मनाने आयुर्वेदीय औषधांनाही लावावी. सांधेदुखीवर तासाभरात उतार देणारे निनावी चूर्ण दुकानात ठेवू नये. त्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संभव असतो.

कायद्याने महाराष्ट्रातील नोंदणीकृत आयुर्वेद व्यावसायिकांस १९९२ च्या अधिसूचनेद्वारे, प्रशिक्षणाच्या मर्यादेत, आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. असा अधिकार त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली स्पष्ट केले. ज्याला दोन्ही औषधे लिहिण्याची मुभा आहे, त्याला दोहोंचा संयोग माहीत असलाच पाहिजे. आयुर्वेदीय औषधांच्या संशयित दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. आपल्याकडील प्रसंग तेथे कळवण्यात कमीपणा मानू नये.

ती मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. अजूनही ती अधूनमधून येते, कधी सर्दीसाठी, कधी आईच्या गुडघ्यांसाठी. खुर्चीवर बसण्याआधी ती पर्समधून घड्या पडलेला तो कागद काढते व आमच्यासमोर ठेवते. आपल्या प्रत्येक रुग्णाला ही सवय लागावी, यासाठी सदस्यांनी येत्या सोमवारपासून आपापल्या दवाखान्यात व दुकानात एवढा एक प्रश्न विचारण्यास प्रारंभ करावा, ही आमची विनंती.