डीपीवर तीन मोटरी जास्त

इंदापूर तालुक्यात नीरा नदीच्या काठी निरवांगी आहे. ऊसपट्ट्यातल्या इतर गावांसारखीच इथली पिकेही थ्री फेज लाइटच्या वेळापत्रकावर जगतात. लाइट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, मोटरी एकदमच सुरू होतात. व्होल्टेज बसते, लाइनच्या टोकाची मोटर नुसती गुरगुरते, एखादीचे वाइंडिंग जळते. दोष डीपीला दिला जातो. तो दर वेळी तिचा नसतो.

पाच एचपीची मोटर घ्या. पाच एचपी म्हणजे 3.73 किलोवॉट. कार्यक्षमता 80 टक्के धरली, तर ती लाइनमधून 4.66 किलोवॉट घेते. 415 व्होल्टवर एवढ्या कामाला साडेसहा अँपिअर पुरायला हवेत. पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण प्रवाहातला प्रत्यक्ष कामाचा वाटा, 0.75 असेल, तर क्लॅम्प मीटर 8.64 दाखवतो.

मग वरचे दोन अँपिअर कशाला? मोटरीच्या वेढ्यांत चुंबकीय क्षेत्र उभे करायला. सेकंदाला 50 आवर्तने. प्रत्येकात हे क्षेत्र दोनदा उभे राहते, दोनदा मोडते आणि घेतलेली ऊर्जा लाइनला परत करते. त्यातून पाण्याचा थेंब उपसला जात नाही, तार मात्र तापते. या उसनवारीमुळे प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो.

स्टार जोडणी धरून एका फेजचा हिशेब करू. 239.6 व्होल्टला 8.64 अँपिअरने भागले की 27.7 ओहम येतात. हा इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण अडथळा. त्यात काम आणि उष्णता यांचा वाटा 20.8 ओहम, चुंबकत्वाचा 18.3. सरळ बेरीज 39.1 होते, पण इथे सरळ बेरीज चालत नाही. गवंडी पाया आखताना 3-4-5 चा काटकोन धरतो, तसे हे दोन वाटे एकमेकांशी काटकोनात असतात. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की 27.7 मिळतात. आणि 20.8 भागिले 27.7 म्हणजेच तो 0.75 पॉवर फॅक्टर.

हे गणित संमिश्र संख्यांत मांडणारा ‘इम्पिडन्स’ हा निबंध आर्थर केनेली यांनी 1893 साली लिहिला. एडिसनच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या केनेलींचा जन्म 1861 चा, आपल्या कुलाब्यातला!

मागे रेंगाळणाऱ्या प्रवाहावर उपाय म्हणजे मोटरीला जोडलेला कॅपॅसिटर. त्यातला प्रवाह उलट व्होल्टेजच्या पुढे धावतो. मोटरीला चुंबकत्वासाठी हवी असलेली ऊर्जा मग बरीचशी शेजारच्या डब्यातूनच मिळते. दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला, की पॉवर फॅक्टर 0.91 वर जातो आणि लाइनचा प्रवाह 7.1 अँपिअरवर येतो. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती सुमारे 32 टक्क्यांनी घटते. 100 केव्हीएच्या डीपीवर अशा 16 मोटरी बसत होत्या, तिथे 19 बसतात.

तरी कॅपॅसिटर लागत नाहीत, याचे कारण बिलात आहे. उच्चदाब कारखान्याला खराब पॉवर फॅक्टरची किंमत मोजावी लागते. शेतकऱ्याला साडेसात एचपीपर्यंतची वीज 2024 पासून मोफत आहे. शिवाय एकट्याने कॅपॅसिटर बसवला तर व्होल्टेज जेमतेम हलते; त्याचा फायदा सगळ्या डीपीला मिळून होतो.

म्हणून डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून ठरवावे. कॅपॅसिटर जाणत्या वायरमनकडून, स्टार्टरच्या पुढे मोटरीच्या बाजूला बसवून घ्यावा, म्हणजे मोटरीबरोबर तोही बंद होईल. मापापेक्षा मोठा घेऊ नये. आणि लाइट गेल्यावरही त्याच्या टोकांना लगेच हात लावू नये. त्यात विद्युतभार शिल्लक असतो.