ई-मेल बाउन्स का होतो, आणि झाला तर काय करायचं?



बाउन्स म्हणजे परत आलेला ई-मेल. समजा, तुम्ही दिवाळीच्या ऑफरचा ई-मेल ४०० ग्राहकांना पाठवला आणि २८ परत आले. २८ भागिले ४००, गुणिले १००. तुमचा बाउन्स रेट झाला ७ टक्के.

बरेच जण म्हणतात, "जाऊ द्या सर, ३७२ तर पोचले ना!" खरी गडबड इथंच आहे. पाठवणारा किती चुकीच्या पत्त्यांवर पाठवतो, यावर ई-मेल कंपन्यांचं लक्ष असतं. परत येणारे जास्त दिसले की त्यांना वाटतं, यानं कुठून तरी यादी उचललीय. मग तुमच्या नेहमीच्या ग्राहकाला पाठवलेला ई-मेलसुद्धा स्पॅममध्ये जाऊन पडतो. म्हणजे धोका २८ जणांचा नाही, उरलेल्या ३७२ जणांचा आहे. म्हणून बाउन्स रेट साधारण २ टक्क्यांच्या आत ठेवायचा.

शेरा वाचायला शिका

पोस्टानं पाठवलेलं पत्र परत आलं की त्यावर पोस्टमनचा शेरा असतो. परत आलेल्या ई-मेलवरही कारण लिहिलेलं असतं. आपण ते न वाचताच डिलीट करतो. शेरे मुख्यतः तीन प्रकारचे:

१. "या पत्त्यावर राहत नाही" : हार्ड बाउन्स. पत्ताच चुकीचा किंवा बंद. जीमेलमध्ये 'अ‍ॅड्रेस नॉट फाउंड' असं दिसतं, कोड बहुतेक वेळा ५५० आणि ५.१.१ असतो. इथं पुन्हा पाठवायचं नाही. पत्ता लगेच यादीतून काढा.

२. "घराला कुलूप" : सॉफ्ट बाउन्स. पत्ता बरोबर, पण आत्ता अडचण आहे. सर्व्हर बंद असेल किंवा इनबॉक्स भरला असेल. जीमेलची फुकट जागा १५ जीबी, तीही ड्राइव्ह आणि फोटोंसोबत वाटून घेतलेली, त्यामुळं ती भरतेच. तात्पुरत्या अडचणीचा कोड ४ ने सुरू होतो आणि सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. लागोपाठ तीन मोहिमांत परत आला, तरच यादीतून बाजूला काढा.

३. "घेण्यास नकार" : ब्लॉक. इथं बरेच जण फसतात. कोड ५ नेच सुरू होतो, पण पुढं ५.७ असं दिसतं. म्हणजे पत्ता चांगला आहे, अडचण तुमच्याकडं आहे. असा ग्राहक यादीतून काढू नका, स्वतःची सेटिंग तपासा.

नकार का येतो?

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं नियम कडक केले. एसपीएफ आणि डीकेआयएम म्हणजे 'हा ई-मेल खरंच या डोमेनवरून आलाय' याचं ओळखपत्र. जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त ई-मेल पाठवणाऱ्यांना ही दोन्ही आणि त्यांच्या जोडीला डीमार्क लागतं. आपण लहान असलो तरी तिन्ही लावून घ्यावीत. ज्यांच्याकडून डोमेन घेतलं, त्यांच्या मदत पानावर पद्धत दिलेली असते. 'स्पॅम' बटण दाबणाऱ्यांचं प्रमाणही ०.३ टक्क्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही. म्हणजे हजारात तिघांनी दाबलं की धोक्याची घंटा.

आणखी एक. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पाठवता येतं. जास्त पाठवलं तर पाठवणं काही काळ बंद होतं.

चांगले पत्ते खराब कसे होतात?

काही पत्ते पहिल्या दिवशीच चुकलेले असतात. जीमेलच्या स्पेलिंगमध्ये अक्षरं उलटी पडतात, डॉट कॉमचं डॉट कॉन होतं. काही नंतर मरतात: खरेदी बघणारा माणूस नोकरी सोडतो, कंपनीचा पत्ता बंद होतो. शिवाय दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक गूगल खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकली जातायत.

समजा, तुम्ही औशातून पुण्या-मुंबईच्या दुकानदारांना डाळ पाठवता. आपल्या जिल्ह्यातल्या बोरसुरी तूरडाळीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. त्या डाळीचं भावपत्रक तुम्ही पाठवलं आणि जुन्या दुकानदाराचा ई-मेल परत आला. नुसता पत्ता काढून मोकळे होऊ नका, फोन लावा. "शेठ, भाव पाठवला होता, परत आला. पत्ता बदलला का?" ऑर्डर मागायला याहून चांगलं निमित्त कुठलं!

आजपासून एवढं करा

- काउंटरवर पत्ता लिहून घेतला की मोठ्यानं वाचून दाखवा, आणि एक स्वागताचा ई-मेल लगेच पाठवा. चूक तिथंच कळेल.
- प्रत्येक मोहिमेनंतर बाउन्स रिपोर्ट उघडा आणि हार्ड, सॉफ्ट, ब्लॉक असे तीन कप्पे करा.
- सहा महिन्यांत ज्यांनी एकही ई-मेल उघडला नाही, त्यांना एकदा विचारा: "पाठवत राहू का?" उत्तर नाही आलं तर थांबा.
- एकदम पाठवायचं टूल वापरत असाल तर स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्या. जीमेलचा पत्ता तिथं टाकू नका.
- हजार रुपयांत लाखभर ई-मेल देतो म्हणणाऱ्याकडून यादी घेऊ नका. त्यात मेलेले पत्ते असतात, आणि स्पॅमवाल्यांना पकडण्यासाठी मुद्दाम ठेवलेले सापळेही असतात.

उधारीची वही आपण दर महिन्याला तपासतो, कारण त्यात पैसा अडकलेला असतो. ई-मेलच्या यादीतही पैसाच आहे. हजार कच्च्या पत्त्यांपेक्षा दोनशे पक्के पत्ते दुकान चालवतात.

शेवटच्या मोहिमेचा रिपोर्ट आज उघडा आणि पहिले दहा शेरे वाचा. त्यात ५.७ दिसलं, तर आधी सेटिंग नीट करा, पुढचा ई-मेल मगच पाठवा.