नागिणीची गोळी आणि गर्ट्रूड एलियन



नागीण हा आपल्या वयाचा आजार. हिब्रूत तिला 'शलबेकेत खोगेरेत' म्हणतात. खोगेरेत म्हणजे कमरेला वेढणारी. कोकणात आपल्या आज्या तिच्यावर गेरूचा लेप देत, आणि नागिणीचे तोंड-शेपूट जुळले की माणूस जगत नाही, असे म्हणत. तसे काही नसते. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा वायरस मज्जातंतूंच्या मुळाशी लपून राहतो आणि म्हातारपणी अंगातली ताकद कमी झाली की वर येतो. आज त्यावर ॲसायक्लोविर किंवा व्हॅलॅसायक्लोविर मिळते.

मी बरीच वर्षे औषधांच्या दुकानात काम केले. लोक विचारायचे, "गोळीला कसे हो कळते, वायरस कोणता आणि आपले शरीर कोणते?" त्याचे उत्तर गर्ट्रूड एलियन या बाईंच्या कामात आहे.

एलियनबाई १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मल्या. वडील लिथुआनियाहून आलेले यहुदी दंतवैद्य. पंधराव्या वर्षी त्यांनी आजोबांना पोटाच्या कॅन्सरने जाताना पाहिले आणि रसायनशास्त्र शिकायचे ठरवले. पण तेव्हा प्रयोगशाळेत बाईला कोण घेणार? पुष्कळ वणवण झाली. १९४४ साली बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले.

दोघांचा विचार साधा होता. पेशी वाढते तेव्हा आपल्या डीएनएची नक्कल करते. त्यासाठी तिला विटा लागतात. खऱ्या विटेसारखी दिसणारी खोटी वीट दिली तर? पेशी ती उचलते आणि बांधकाम अडते. अशीच एक खोटी वीट म्हणजे मर्काप्टोप्युरिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी अमेरिकेने तिला १९५३ साली मान्यता दिली. तेव्हा ही मुले काही महिन्यांतच जात. आज इतर औषधांबरोबर ती दिली की चांगल्या इस्पितळात बहुतेक मुले बरी होतात.

पण एक अडचण होती. आपल्या हाडांच्या मगजात रोज नवे रक्त तयार होते. खोटी वीट तिथेही जाते आणि रक्तपेशी कमी होतात.

ॲसायक्लोविर हीसुद्धा खोटी वीटच, पण कुलूप लावलेली. ते कुलूप उघडायची किल्ली, म्हणजे एक एन्झाइम, वायरसच स्वतः बनवतो. त्यामुळे वायरस शिरलेल्या पेशीतच औषध जागे होते आणि निरोगी पेशींना फारसा त्रास होत नाही. लपलेला वायरस मात्र त्याने मरत नाही.

डॉक्टरेट अर्धवट राहिलेल्या एलियनबाईंना १९८८ साली हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर नोबेल मिळाले. १९९९ साली त्या वारल्या.

आता आपल्या कामाचे. अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन पुरळ उठले, तर "बघू उद्या" म्हणू नका. गोळी ७२ तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम. डोळ्याजवळ किंवा नाकावर पुरळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. किडनी कमजोर असेल तर आधी सांगा, डोस कमी करावा लागतो. पाणी पीत राहा. पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरला विचारा.

आणखी एक. गाऊटसाठी आपल्यातले कितीतरी जण ॲलोप्युरिनॉल घेतात. तेही एलियनबाईंच्याच प्रयोगशाळेतले. मर्काप्टोप्युरिनचा शरीरात निचरा होतो तो अडवायचा, म्हणून त्यांनी ते तपासायला घेतले होते. म्हणूनच मर्काप्टोप्युरिन किंवा त्याचेच भावंड ॲझाथायोप्रिन घेणाऱ्याला डॉक्टरने न तपासता ॲलोप्युरिनॉल चालत नाही. औषध अंगात साचते आणि रक्तपेशी धोकादायक इतक्या घटतात. ॲझाथायोप्रिन किडनी बदललेल्यांना, तसेच आतड्याच्या किंवा सांध्यांच्या काही आजारांतही देतात.

तेव्हा कुपत खोलीममध्ये जाताना सगळ्या गोळ्यांची यादी खिशात ठेवा. नवी गोळी लिहून दिली की यादी पुढे करा आणि विचारा, "ही त्यांच्याबरोबर चालेल ना?"